विठाबाई : आजोबांनी पाहिलेल्या, आजीनं ऐकलेल्या

(आजच्या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे. बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)



आजचा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी नारायणगावात एक चक्कर मारून आलो. टोमॅटोच्या बाजारासाठी आणि खोडदच्या मोठ्या दुर्बिणीसाठी लोक आता या भागाला ओळखतात. पण पाडव्याच्या आसपास इथं आलात ना, तर तुम्हाला दुसराच बाजार दिसेल. ओळीनं राहुट्या लागलेल्या असतात. प्रत्येक राहुटीपुढं फडाचं नाव, कलाकारांचे फोटो लावलेला मोठा फलक. आत गादी, टेबल, एक वही आणि मॅनेजर. गावोगावच्या यात्रा कमिट्या जीप करून येतात. आधी दोन-तीन राहुट्या फिरतात, चहा घेतात, भाव काढतात. मग सुपारी ठरते, इसार दिला जातो, कागदावर सह्या होतात. चैत्र पौर्णिमा आणि कालाष्टमी या तारखांचा भाव सगळ्यात चढा, कारण त्या दिवशी निम्म्या गावांच्या यात्रा एकदम असतात. म्हणूनच नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात.

आणि या पंढरीत एक नाव असं आहे, की ते घेतलं की म्हातारी माणसं जरा सावरून बसतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. आजचा भाग त्यांच्यावर. खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा त्यांच्या ऐकणाऱ्यांवर. त्यातले दोघं माझ्याच घरातले. एक माझे आजोबा आणि दुसरी माझी आजी.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीच्या काठाचं, छोटं. यात्रा ठरलेली : सकाळी मांडवडहाळे, दुपारी घाटात बैलगाडे, रात्री छबिना, मग तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, हजेऱ्या म्हणजे रात्रीच्याच फडानं दिवसा देवळापुढं केलेला कार्यक्रम. पण विठाबाईंचा फड काही आमच्या गावाला परवडायचा नाही. घरटी पट्टी किती गोळा होणार? त्यामुळं विठाबाई यायच्या त्या नदीपलीकडच्या मोठ्या गावाला. आजोबा चालत जायचे. पाण्याला उतार असायचा, धोतर वर खोचायचं, पायताणं हातात घ्यायची आणि पलीकडं. खाली बसायला पोतं बरोबर. जागा मिळावी म्हणून छबिना निघायच्या आधीच पोतं टाकून ठेवायचे आणि त्यावर एक दगड.

आजोबा सांगायचे, "गण झाला की लोक जरा सैल बसायचे. गवळणीला हसायचे. पण ती बोर्डावर आली की इडी पेटवायचं पण इसरायचं मानूस."

मी विचारायचो, दिसायला कशा होत्या? ते म्हणायचे, "दिसन्याचं काय घिऊन बसला? आवाज इचार."

आता विठाबाई कोण, ते थोडक्यात सांगतो, कारण आपले बरेच श्रोते तिशीच्या आतले आहेत. जन्म जुलै १९३५ चा, पंढरपूरचा. घरातच तमाशा. आजोबा नारायण खुडे, मूळचे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे, त्यांनी फड उभा केला. पुढं वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो 'भाऊ बापू मांग नारायणगावकर' या नावानं चालवला. लहानपणापासून कानावर लावणी, गवळण, भेदिक. शाळेत मन रमलं नाही, बोर्डावर मात्र पोर लहानपणीच उभी राहिली. १९५७ ला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला आणि १९९० ला पुन्हा एकदा. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्यांनी आपला फड घेऊन जवानांपुढं कार्यक्रम केले. लोकांनी पदवी दिली 'तमाशासम्राज्ञी'. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या.

फडाच्या नावात तो जो 'मांग' शब्द आहे ना, त्यापाशी जरा थांबूया. जात नावातच घेऊन हा फड महाराष्ट्रभर फिरला. ज्या गावात रात्री हजारो माणसं या घराण्याच्या ढोलकीवर डोलायची, त्याच गावात सकाळी या माणसांच्या हातचं पाणी चालायचं का? आजोबांना मी एकदा हे विचारलं होतं. ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "न्हाई चालायचं. आमाला त्यात काय वंगाळ वाटायचं बी न्हाई तवा." मला ते उत्तर आवडलं नाही, पण ते खरं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. चाहत्यांच्या आठवणी सांगायच्या तर ही पण सांगावी लागते.

आता ती गोष्ट. तुम्ही म्हणाल, अजून कशी नाही सांगितली! विठाबाईंचं नाव काढलं की पहिली हीच निघते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली, बाळ बाजूला दिलं आणि पदर खोचून परत बोर्डावर आल्या. लोकांच्या लक्षात आलं, तसे लोक उभे राहिले. हात जोडले आणि म्हणाले, बाई, आता खेळ थांबवा.

ही गोष्ट मी किमान वीस जणांच्या तोंडून ऐकली असेल. सांगताना प्रत्येकाचा ऊर भरून येतो. माझाही येतो. पण थोडं वय झाल्यावर मला यात दुसरंच काही दिसायला लागलं. नववा महिना सरलेली बाई बोर्डावर का उभी होती?

तर हिशेब मांडा. मोठ्या फडात शंभरेक माणसं. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, वगातले नट, कनात ठोकणारे, स्वयंपाकी, गाड्यांचे ड्रायव्हर. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. पावसाळ्याचे चार महिने सगळे घरी. त्या चार महिन्यांत चूल पेटायची ती उचलीवर. कलाकार मालकाकडून उचल घेणार, मालक सावकाराकडून घेणार. मग हंगामात एक रात्र जरी बुडली, पाऊस आला, गावात मारामारी झाली, किंवा मुख्य बाई आजारी पडली, तरी व्याज थांबत नाही. आणि लोक तर बाईचं नाव वाचून आलेले. बाई नसेल तर कनात पाडायला कमी करायचे नाहीत. म्हणजे त्या रात्री विठाबाईंना कलेनं उभं केलं, हे खरंच. पण शंभर पोटांनी पण उभं केलं आणि समोर बसलेल्या आपण पण उभं केलं. आपण हात जोडले ते नंतर.

हे मी कुणाला दोष द्यायला म्हणत नाही. माझे आजोबा पण त्याच गर्दीतले.

२००२ च्या जानेवारीत मी कॉलेजला होतो. सुट्टीला घरी आलेलो. पेपरात बातमी आली. आजोबांना वाचता यायचं नाही, मी वाचून दाखवली. शेवटचे दिवस हलाखीत गेले, दवाखान्याचा खर्च लोकांनी दिलेल्या मदतीतून भागवला, असं सगळं. आजोबा ओट्यावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "येवढ्या राती आपन फुकाट ऐकलं रं तिला."

फुकट म्हणजे, यात्रेचा तमाशा गाव आणतं. पट्टीत त्यांचे चार-आठ आणे असतील तेवढेच, ते पण त्यांच्या गावच्या यात्रेचे. नदीपलीकडच्या त्या गावात तर ते पाहुणे! दुसऱ्या दिवशी ते मला न सांगता मंचरला गेले आणि संध्याकाळी परत आले. कशाला गेला होतात विचारलं, तर सांगितलं नाही. मला आजही माहीत नाही. माझी आई म्हणते, नुसते बाजारात फिरून आले असतील.

आणि आता आजी. ही खरी या भागाची पाहुणी, पण माईकपुढं बसायला तयार झाली नाही. म्हणाली, "मी काय सांगनार, मी कुठं बघितलंय तिला?"

खरंच, आजीनं विठाबाईंना कधीच पाहिलं नाही. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या घरातली बाई तमाशाला जायची नाही. हजेऱ्या लांबून, देवळाच्या ओट्यावरून बघायला मिळायच्या, त्या पण आपल्या गावातल्या. नदीपलीकडं कोण जाऊ देणार? पण कर्णा होता ना! रात्रीची शांतता, मधी नदी, वारं इकडचं असलं की आवाज सरळ आमच्या अंगणात. आजोबा पलीकडं पोत्यावर, आणि आजी इकडं अंगणात, मांडीवर माझे चुलते झोपवलेले, शेजारच्या दोघी-तिघी जावा येऊन बसलेल्या. दिवा नाही, कारण दिवा दिसला तर सासरा विचारणार, जागी का गं?

आजी म्हणते, ढोलकी आधी यायची. मग हलगी. शब्द निम्मे यायचे, निम्मे वारा न्यायचा. पण आवाज तिचा आहे का दुसरीचा, ते लगेच कळायचं. एकदा मी आजीला मोबाईलवर दोन-तीन गायिकांची जुनी रेकॉर्डिंग लावून दाखवली, नाव न सांगता. विठाबाईंची लावली आणि ती म्हणाली, "ही ती." मग म्हणाली, "जवळून लय येगळी लागती गं बाई." कितीतरी वर्षं नदीपलीकडून ऐकलेला आवाज, पहिल्यांदाच हातभर अंतरावरून.

मला वाटतं, विठाबाईंच्या चाहत्यांमध्ये निम्म्या तरी अशा असतील. अंगणातल्या. त्यांची मोजदाद कुणी केली नाही, कारण त्या कनातीत नव्हत्या.

इथं मला एक बाहेरचं उदाहरण आठवतं. रॉक अँड रोल म्हटलं की आपल्याला एल्व्हिस प्रेस्ली आठवतो. पण त्याच्याही आधी अमेरिकेत सिस्टर रोझेटा थार्प नावाची कृष्णवर्णीय बाई इलेक्ट्रिक गिटार घेऊन देवाची गाणी अशी गायची, की पुढचे रॉकवाले तिच्याकडून शिकले. एल्व्हिस, जॉनी कॅश, सगळे तिला मानायचे. ती १९७३ साली फिलाडेल्फियात गेली आणि कितीतरी वर्षं तिच्या थडग्यावर नावाचा दगड सुद्धा नव्हता. २००८ मध्ये चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे जमवले, तेव्हा कुठं दगड बसला. रॉक अँड रोलच्या मानाच्या यादीत तिचं नाव गेलं २०१८ ला. मेल्यावर पंचेचाळीस वर्षांनी.

त्या मानानं आपण लवकर जागे झालो, असं म्हणता येईल. राज्य सरकारनं २००६ पासून विठाबाईंच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर, गंगाराम कवठेकर, विठाबाईंच्या लेक मंगला बनसोडे अशा दिग्गजांना तो मिळाला. योगीराज बागूल यांनी त्यांच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं, जरूर वाचा. चांगलंच आहे हे सगळं.

पण परवा राहुट्यांमध्ये फिरताना एका मॅनेजरशी बोलत होतो. ते म्हणाले, कमिटीवाले येतात आणि पहिलं विचारतात, नवीन गाणी किती? लायटिंग किती? वग कोणता आहे, हे फार थोडे विचारतात. रात्री दहाच्या नियमामुळं वेळ पण कमी. मग गण-गवळण उरकायची, गाणी लावायची, वग अर्ध्यात गुंडाळायचा. २०२० आणि २०२१ ला तर यात्राच झाल्या नाहीत, राहुट्या लागल्याच नाहीत. त्या दोन वर्षांची उचल अजून फिटतीय, असं ते म्हणाले.

म्हणून जाता जाता दोनच गोष्टी सांगतो.

पहिली, यात्रा कमिटीत असलेल्या मित्रांना. यंदा सुपारी द्यायला जाल तेव्हा वगाचं नाव विचारा. आमच्या गावाला पूर्ण वग पाहिजे, असं सांगा आणि तेवढी रक्कम धरा. बैलगाड्यांच्या बक्षिसात आपण मागं-पुढं बघत नाही, मग इथं हजार-दोन हजारासाठी घासाघीस कशाला? आणि तिकिटाचा तमाशा लागला तर पास मागू नका, तिकीट काढा.

दुसरी सगळ्यांना. घरात सत्तरीपुढची माणसं असतील तर त्यांना बसवून विचारा, कुणाला ऐकलं, कुठं, कसं. मोबाईलवर रेकॉर्ड करा. आजोबांना मी हे विचारायचो, पण रेकॉर्ड केलं नाही. तेव्हा फोन नव्हता, आणि फोन आला तोवर आजोबा नव्हते. आज्ज्यांना तर आधी विचारा, कारण त्या स्वतःहून सांगणार नाहीत. पहिल्यांदा म्हणतील, मी कुठं बघितलंय. तेव्हा उठू नका, बसून राहा.

यंदाच्या यात्रेला आजीला मी नदीपलीकडं घेऊन जाणार आहे. आता पूल झालाय, गाडीनं पाच मिनिटं लागतात. तिला म्हटलं, पहिल्या रांगेत खुर्ची टाकू. ती म्हणाली, "खुर्ची नगं. पोतं घे."

भेटूया पुढच्या भागात. तुमच्या घरातल्या आठवणी आवाजी निरोपानं पाठवा, आपण त्या ऐकवू. नमस्कार.