पाटीवरची पेन्सिल

गेल्या सप्टेंबरांत, पोषण-महिन्याच्या निमित्तानें, परभणीस जाण्याचा योग आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या तेथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयांत शिकते. “गुरुजी, आम्हीं केलेलीं भित्तिपत्रकें पाहावयास याच,” असा तिचा आग्रह पडला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. विद्यापीठाची पायरी चढण्याचा प्रसंग फारसा आलेला नव्हता. तरी सिरसाळ्याहून परळी गांठली आणि गंगाखेडवरून जाणाऱ्या आगगाडीनें परभणीस उतरलों.

हें विद्यापीठ १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालें. तें साल आमच्या पिढीस दुष्काळामुळें स्मरतें. कामांवर सुकडी वांटीत, आणि रेशनवर परदेशी तांबडी मिलो मिळे. मी तेव्हां तेरा वर्षांचा होतों. पोट भरलें म्हणजे पोषण झालें, ही समजूत त्या दिवसांनीं माझ्या मनांत जी पक्की केली, ती पुढें ३८ वर्षें शिक्षकी करूनहि ढळली नाहीं. शाळांतून खिचडी शिजूं लागल्यावर लहान वर्गांच्या मुलामागें १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ मीं प्रामाणिकपणें मोजून दिली, वहींत लिहिली आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानलें.

दालनांत भित्तिपत्रकें ओळीनें टांगलीं होतीं. प्रत्येकापुढें तें तयार करणारी मुलगी परीक्षकांची वाट पाहत उभी. एकीनें ‘परभणी शक्ति’ या ज्वारीच्या वाणाची माहिती मांडली होती. हा वाण विद्यापीठानें हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या साह्यानें सिद्ध करून २०१८ सालीं प्रसारित केला. नेहमींच्या ज्वारींत किलोमागें सुमारें ३० मिलिग्रॅम लोह असतें, यांत ४५. दुसरीचा विषय चहा. जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नांतलें लोह अंगीं लागूं देत नाहीं. लिंबाची फोड मात्र त्याला साह्य करते. मी नुकताच जेवून, वर दोन कप चहा घेऊन आलों होतों. तें त्या मुलीस सांगितलें नाहीं.

आमच्या मुलीचें पत्रक पांडुरोगावर होतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणी पांडुरोगी आढळल्या, हा आंकडा तिनें वर ठळक लिहिला होता. खालच्या कोपऱ्यांत एक चित्र होतें: दगडी पाटी, आणि टोंक चावलेली पेन्सिल.

“हें येथें कशाला, बाळ?”

“गुरुजी, माती, राख, खडू, पेन्सिल असलें कांहीं खावेंसें वाटणें ही पुष्कळदां रक्तांतलें लोह कमी झाल्याची खूण असते. उणीव भरून आली कीं ती ओढ बहुधा आपोआप जाते.”

“आणि मारल्यानें?”

ती हंसली. तिला वाटलें, गुरुजी विनोद करीत आहेत.

श्रोते हो, १९९० च्या सुमारास माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगी होती. चेहरा पांढुरका, दुपारीं पाठ म्हणतां म्हणतां डोळा लागे, आणि नवी पेन्सिल दिली कीं संध्याकाळपर्यंत उरत नसे. मीं तिच्या बोटांवर छडी मारली. एकदां तर तोंडांतला चुरा दाखवीत तिला सबंध वर्गापुढें उभें केलें, आणि ‘पेन्सिलखाऊ’ हें नांव मींच ठेवलें. पोरांनीं तें उचललें. चौथीनंतर तिनें शाळा सोडली. कारण घरचेंहि असेल. पण मीं कधीं विचारलें नाहीं. पुढें मोठ्या वर्गांना दर आठवड्यास लोहाच्या निळ्या गोळ्या वांटण्याचें काम आलें. तें मीं निवृत्त होईपर्यंत नीट केलें. गोळी गिळली कीं नांवापुढें खूण. एवढ्या वर्षांत त्या गोळीचा आणि त्या पेन्सिलीचा कांहीं संबंध असेल, हें या शिक्षकाच्या डोक्यांत आलें नाहीं.

त्या मुलीकडून पत्रकांतला मजकूर मीं सोप्या मराठींत, मोठ्या अक्षरांत लिहून घेतला. आतां तो गांवांतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरांत डाळीच्या डब्यावर चिकटविलेला आहे. खिचडी शिजविणाऱ्या बाईंनीं तो दोनदां वाचवून घेतला आणि विचारलें, “गुरुजी, मग पोरांना लिंबू कोण देणार?” यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं माझ्या परसांतलीं नेऊन दिलीं. झाड एकच आहे, आणि पोरें शंभरावर.

दिवाळीनंतर त्या जुन्या विद्यार्थिनीचें घर शोधीत गेलों. दारांत तिची सासू बसली होती. लेक-सून ऊसतोडीला गेलीं होतीं. टोळी पाडव्याच्या आसपास परतेल, असें तिनें सांगितलें.

“काय काम व्हतं गुर्जी तिच्याकडं?”

मला तें तिला सांगतां आलें नाहीं. पाडव्यानंतर पुन्हां जाणार आहें.