हृदयाची गोळी, मूत्रपिंडाचा हिशेब



शेतावरच्या कारवानी कुत्र्यासोबत आता आपल्या निलंग्यात घराघरांत पॉमेरेनियन, लॅब्रॅडॉर, डॉबरमन आलेत. लहान जातींत उतारवयात हृदयाची झडप जाड होऊन गळू लागते. डॉबरमनसारख्यांत हृदयाचा स्नायूच ताणून दुबळा होतो. पुढे फुप्फुसांत पाणी साचतं, धाप लागते, आणि डॉक्टर तीन-चार औषधं लिहून देतात. ती एकमेकांशी कशी नांदतात, ते पाहू.

पिमोबेंडन हृदयाचं आकुंचन जोरकस करतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. फ्युरोसेमाइड लघवीवाटे पाणी काढतं. सोबत पोटॅशियमही जातं. एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाला रोखतं. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम राखतं. ठोके बेताल झाले तर कधी डिगॉक्सिनही लागतं. पण पोटॅशियम उतरलं की तेच औषध विषासारखं वागतं. म्हणून ही जोडणी गोळ्या मोजून जमत नाही, रक्त तपासून जमते.

आता मूत्रपिंडाकडे या. हृदय थकल्यावर तिथे रक्त कमी पोचतं. तरीही गाळण चालू राहावी म्हणून मूत्रपिंड दोन युक्त्या करतं: आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतं, बाहेर जाणारी आवळतं. फ्युरोसेमाइडमुळे अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. एनालाप्रिलमुळे बाहेरची वाहिनी सैलावते. एवढं मूत्रपिंड बहुधा सोसतं. अशा वेळी कुत्रा लंगडतो म्हणून घरातली वेदनाशामक गोळी दिली, की आतली वाहिनी रुंद ठेवण्याची सोयही जाते. दोन्ही युक्त्या संपल्या, मूत्रपिंड बसलं! डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसलेली ही गोळीच घात करते.

अशाच एका वेदनाशामकाचा, डायक्लोफेनॅकचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. ते टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि 2006 साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठी मात्र ते आजही मेडिकलवर मिळतं. ते कुत्र्याला देऊ नका. जनावरांसाठीचं वेदनाशामक मेलॉक्सिकॅमसुद्धा अशा रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आपला उन्हाळा हिशेब आणखी अवघड करतो. फ्युरोसेमाइड चालू असलेल्या कुत्र्याचं पाणी कधीच तोडू नका. ‘लघवी फार करतो’ म्हणून गोळी मनानं बंद करू नका. उलट्या, जुलाब झाले किंवा अन्न सुटलं, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. फरसाण, पापड, लोणचं असं खारट खाणं बंद. कमी सोडियमचं मीठही घालू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि एनालाप्रिल-स्पायरोनोलॅक्टोनसोबत ते रक्तात साठतं. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या.

घरी एक काम रोज करा. कुत्रा गाढ झोपला की 30 सेकंद छातीची हालचाल मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला 30च्या वर आकडा वारंवार जाऊ लागला, तर पाणी पुन्हा साचत असेल. डॉक्टरांना लगेच कळवा. झोपेतही धाप लागली, जीभ निळसर झाली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगाव डॉक्टर आहेत. जाताना घरात कुत्र्याला दिलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या; माणसांची दिली असतील, तर तीही. लपवलेल्या गोळीचा हिशेब डॉक्टरला लावता येत नाही.