हजेरी आणि हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमचं भिगवण म्हणजे पुणे-सोलापूर रस्ता, रेल्वे आणि उजनीचं पाणी यांच्या कडेनं वसलेलं गाव. मासळीचा बाजार आणि हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी, यासाठी लोक आम्हाला ओळखतात. अशा गावातला एक कवी 'घरून काम' आणि 'मंदी' या विषयांवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईची कचेरी थेट आमच्या ओसरीवर आली. संगणक कंपन्यांतली पोरं रेंज मिळेल तो कोपरा धरून बसली. आजी विचारायची, "सुट्टी किती दिवस आहे रे?" नातू म्हणायचा, "सुट्टी नाही आजी, मी कामावर आहे." आजीला ते काही पटत नसे.

पुढं हाच प्रश्न मोठमोठ्या कंपन्यांच्या मालकांनाही पडला. घरी बसलेला माणूस खरोखर काम करतो का?

खरं तर घरून काम ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आमच्याच रेल्वेमार्गावर पुढं सोलापूर आहे. तिथं हजारो बायका पिढ्यान् पिढ्या घरी बसून विड्या वळत आल्या. मजुरी हजार विड्यांवर. मुंबईत १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथल्या भगिनी सकाळी पीठ घेऊन जातात, घरी पापड लाटतात आणि वजनावर मोबदला घेतात. या बायकांना 'तुम्ही घरी काम करता की नुसत्या बसता' असं कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. विडी मोजता येते, पापड तोलता येतो.

कचेरीतलं काम मात्र असं मोजता येत नाही. म्हणून कचेरीनं सोपा मार्ग काढला. माणूस खुर्चीत दिसला म्हणजे काम झालं! माणूस घरी गेला आणि ही मोजपट्टीच हातातून गेली. गोंधळ झाला तो त्यामुळं.

या प्रश्नाचा नीट अभ्यास झालेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका प्रवास कंपनीत प्रयोग केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. फोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्या, स्वतःहून पुढं आलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना घरून काम दिलं. त्यांचं काम सुमारे तेरा टक्क्यांनी वाढलं. पण गंमत पुढं आहे. प्रयोग संपल्यावर त्यातले जवळपास निम्मे लोक कचेरीत परतले. घरी एकटं वाटतं, ही त्यांची तक्रार. शिवाय त्यांच्या कामाच्या मानानं बढत्याही कमी मिळाल्या होत्या. त्याच कंपनीत नंतर सोळाशेहून अधिक लोकांवर दुसरा प्रयोग झाला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यात दोन दिवस घरून काम. कामात घट नाही, बढत्यांतही घट नाही आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं कमी झालं. म्हणजे आजीनं निश्चिंत राहावं, नातू कामच करत होता.

आता मंदीकडं येऊ. सलग दोन तिमाह्या देशाचं उत्पन्न आकसलं, की मंदी आली असं ढोबळमानानं म्हणतात. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत आपल्या देशाचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळपास पावपट घसरलं. पुढची तिमाहीही घटीचीच गेली. मंदीची व्याख्या पुरी झाली. पण त्याच काळात शेती वाढत होती, आणि लॅपटॉपवाल्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता. मंदी आली ती ज्यांना काम घरी नेता येत नव्हतं त्यांच्याकडं. ढाब्यावरचा पोऱ्या, रिक्षावाला, पक्षी दाखवायला होडी नेणारा नावाडी. मासळीचं जाळं ओसरीवर बसून टाकता येत नाही. घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता किती, यावर पानंच्या पानं लिहून आली. घरून काम करताच न येणाऱ्यांचा विषय मागं पडला.

पुढं चक्र उलटं फिरलं. टीसीएसनं २०२० साली जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत पंचवीस टक्क्यांहून अधिक लोकांना कचेरीत यायची गरज उरणार नाही. त्याच कंपनीनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून आठवड्याचे पाचही दिवस यायला सांगितलं. आणि २०२५ च्या जुलैत सुमारे बारा हजार लोक कमी करण्याची घोषणा केली. तेव्हा देशाचं उत्पन्न तर वाढतच होतं! म्हणजे नोकरकपात हे दरवेळी मंदीचं लक्षण नसतं. आणि ज्याची नोकरी जाते, त्याला देश वाढतोय याचा दिलासा तो काय? अमेरिकेतही २०२२ साली, त्या वेळच्या आकड्यांनुसार, सलग दोन तिमाह्या घट झाली. तरी तिथल्या अधिकृत समितीनं मंदी जाहीर केली नाही, कारण रोजगार वाढत होता. ताप एक, पण वैद्यांची मतं दोन.

आमच्या गावात तिमाहीचे आकडे उशिरा पोचतात. इथं लक्षणं वेगळी. ईदला आणि दिवाळीला शिंप्याकडं कपडे किती आले? शिरखुर्म्याच्या सुक्या मेव्याची पुडी पावशेराची की छटाकाची? दुकानदाराची उधारीची वही किती जाड झाली? यांवरून देशाचं अनुमान काढू नये, हे मला कळतं. पण घराचं काढता येतं.

आणि भीतीच्या दिवसांत माणूस आपण होऊन हजेरी लावू लागतो. साहेबाच्या नजरेसमोर नसेल त्याचं नाव यादीत आधी, ही धास्ती. मंदी येण्याआधी तिची भीती येते, ती अशी. पोरगं गाव सोडून पुण्यात खोली घेतं. पगार तोच, पण भाडं आणि खाणावळ वाढते. आजी पुन्हा एकटी राहते. ही किंमत उत्पादकतेच्या कोणत्याच तक्त्यात येत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. काम घरी आलं, की घर काम गिळतं. विडी कामगार बाईच्या घरात पानं, तंबाखू आणि पोरांचा अभ्यास एकाच खोलीत. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांनी दहा हजार घरांची वसाहत उभी केली, त्यामागं वर्षानुवर्षांचा लढा होता. घर हाच कारखाना असेल तर ते घर धड असायला हवं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्यात घरी विड्या वळणाऱ्यांचाही विचार होता. लॅपटॉपवर रात्री अकराला येणाऱ्या निरोपाला उत्तर द्यायचं की नाही, याचा नियम आपल्याकडं अजून व्हायचाय.

मला वाटतं, काम कुठं बसून केलं हे विचारण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात. काम मोजायचं कसं, ते संपलं कधी म्हणायचं, आणि वाईट दिवस आले तर तोटा कुणी किती सोसायचा. पापड लाटणाऱ्या बायकांनी यातली पहिली गोष्ट साध्या तराजूवर सोडवली. उरलेल्या दोन गोष्टींसाठी मालक आणि कामगार यांना समोरासमोर बसावं लागेल. ती बैठक ओसरीवर झाली तरी चालेल.