वकिलाच्या कचेरीतील चार आठवडे



आपल्या पापडीतल्या पुष्कळ मुली आता वकिलीच्या शिक्षणाकडे वळू लागल्या आहेत. माझी मुलगीही त्यांतली एक. म्हणून या विषयावर चार शब्द बोलते.

माझी समजूत अशी, की पुस्तके वाचली नि परीक्षा दिली, की झाली वकील. पण तसे नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान वीस आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवडे उमेदवारी करावी लागते. मात्र सलग चार आठवड्यांहून जास्त नाही.

मुलीला फोर्टमधल्या एका कचेरीत जागा मिळाली. पहाटे उठून मी डबा द्यावा आणि तिने वसईहून चर्चगेटची गाडी पकडावी. आठवडाभर तिला काम काय? तर झेरॉक्स काढणे नि कागदांवर नंबर घालणे! मी चिडून म्हटले, "मग स्टेशनाजवळच्या दुकानात बस की! गाडीची दगदग तरी वाचेल." ती म्हणाली, "आई, नंबर घालताना मी प्रत्येक कागद वाचते." आणि खरेच, एका खरेदीखतातला गट नंबर सातबाऱ्याशी जुळत नाही, हे तिच्याच ध्यानात आले. वकीलसाहेबांनी त्या दिवसापासून तिला मसुदे लिहायला दिले.

दुसरी गोष्ट सांगताना मला थोडी लाज वाटते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ त्या कचेरीत गेल्याचे मला बाहेरून कळले. मी मुलीला खोदून खोदून विचारले. ती एवढेच म्हणाली, "ते मला विचारू नकोस." दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मग मनात आले, उद्या आपल्याच घरचा कागद एखाद्या कचेरीत गेला आणि तिथल्या मुलीने तो बाजारात बोलून दाखवला तर? अशिलाची गोष्ट वकिलाने बाहेर फोडू नये, असा कायदाच आहे, आणि तो वकिलाच्या कारकुनांनाही लागू आहे. मुलगी चुकली नव्हती, मीच चुकले होते.

१९२३ साली कायदा झाला, तेव्हा कुठे आपल्या देशात बायकांना वकिलीचे दार रीतसर उघडले. मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर मिठान लाम यांनीही आरंभी भुलाभाई देसाई यांच्या हाताखाली काम केले. मोठ्यांनाही कुणाच्या तरी हाताखाली शिकावेच लागते.

तेव्हा मुलींनो, हलके काम म्हणून नाक मुरडू नका. कळले नाही ते विचारा. रोज काय पाहिले, ते रात्री वहीत लिहा. त्या वहीला परीक्षेत गुणही असतात. एकदा तरी कोर्टात उभे राहणाऱ्या वकिलाकडे उमेदवारी करावीच लागते. त्यासाठी आपले वसईचे कोर्ट जवळच आहे.

आणि आयांनो, डबा वेळेवर द्या, पण कचेरीतल्या गोष्टी विचारू नका. मुलगी गप्प राहिली, तर ती शिकते आहे असे समजा.