श्रम, व्यायाम आणि स्त्रीची फुरसत



स्त्रियांनी व्यायाम करावा, असा उपदेश करण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे पडला आहे, त्यात उपदेशक एक गोष्ट बहुधा विसरतो. ती ही की, ज्या स्त्रीला तो आळशी समजतो, तिच्या दिवसाच्या जमाखर्चात श्रम आधीच भरपूर मांडलेले असतात, आणि वानवा असते ती स्वतःच्या मर्जीने खर्चता येईल अशा घटकाभर वेळाची व निर्धास्त जागेची.

बीड जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीला जाणारी बाई घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे मिळून एक कोयता गणले जाते. पहाटे अंधारात भाकऱ्या थापून फड गाठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, आणि खोपीवर परतल्यावर चूल व पाणी आहेच. आहार आणि विश्रांती ही व्यायामाची दोन अंगे तिच्या वाट्याला येतच नसल्यामुळे एवढ्या श्रमांनी तिचे शरीर केवळ झिजते. खाडा झाला की दंड कापला जातो; म्हणून पाळीचा अडथळाच नको, अशा समजुतीने कित्येकींनी ऐन तरुणपणी गर्भाशय काढून टाकले आणि २०१९ साली राज्य सरकारला त्याची चौकशी करावी लागली. या बाईला जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्याला दीडशे मिनिटांचा दंडक वाचून दाखविणे ही थट्टाच होय.

पांढरपेशा घरातील स्त्रीची अडचण निराळी. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा खेळून घामाघूम झालेल्या सुनेने मर्यादा सोडली असे कोणी म्हणत नसे, कारण देवीच्या जागरणाने त्या खेळांना परवाना दिलेला होता. तीच सून दुसऱ्या दिवशी अंगणात नुसती धावली असती, तर वाडाभर बोभाटा झाला असता. आजही पहाटे पुण्यातील पर्वतीची टेकडी चढणाऱ्या काहीजणींच्या हाती फुलांची पुडी असते. मला त्यात ढोंग दिसत नाही, चातुर्य दिसते.

हा परवाना उघडपणे मिळाला म्हणजे काय घडते, ते वांद्र्याच्या मेरी डिसूझा यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावून दाखविले. पुढे नाशिकच्या आदिवासी भागातील कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्याचे कांस्यपदक मिळविले, आणि दुष्काळी माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत उतरल्या. या यशाचे सारे श्रेय काटकपणाला देणे मला मान्य नाही. काटकपणा त्यांच्या शेजारणींच्या अंगीही होताच, पण घरची संमती आणि जाणता प्रशिक्षक या गोष्टी सर्वांच्या वाट्याला येत नाहीत.

म्हणून माझी विनंती एवढीच की, नगरपालिकांनी शाळांची मैदाने संध्याकाळी दोन तास स्त्रियांसाठी राखून तेथे दिवे व स्वच्छतागृहांचा बंदोबस्त करावा, त्या वेळात घरचा स्वयंपाक पुरुषांनी पाहावा, आणि फडावरच्या बाईसाठी, मैदानाच्या गोष्टी करण्यापूर्वी, खाड्याचा दंड बंद करण्याची तजवीज साखर कारखान्यांनी येत्या गळीत हंगामाआधी करावी.