वाय-फायला कुलूप कशाला?
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



आपल्या अभ्यासिकेतले वाय-फाय सर्वांना मोकळे असावे की त्याला कुलूप असावे, यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका खर्ची पडल्या. “कोणी वापरले तर आपले काय जाते?” असे एका बाईंनी विचारले. प्रश्न सरळ होता आणि त्या वेळी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. म्हणून मी थोडी विचारपूस केली, जाणत्यांकडून समजून घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा अवघड शब्द मलाही नकोत आणि तुम्हालाही नकोत.

आपण डोंबिवलीकर, ठाणेकर, कल्याणकर माणसे निम्मे आयुष्य फलाटावर काढतो, म्हणून आधी तिथलेच सांगते. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगल यांनी मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वाय-फाय सुरू केले. पुढे ते आपल्याकडच्या स्थानकांवरही आले. २०२० मध्ये गूगलने ही योजना आवरती घेण्याचे जाहीर केले, पण रेलटेलने सेवा चालू ठेवली. सोय चांगलीच आहे. गाडी उशिरा असली की पोरे तिथे परीक्षेचे अर्ज भरतात, बायका गावाकडच्या नातवंडांची तोंडे पाहतात. त्या सोयीला मी नावे ठेवणार नाही.

पण वाय-फाय म्हणजे हवेतून चाललेले बोलणे. चाळीच्या गॅलरीत उभे राहून बोलले की चार बिऱ्हाडांना ऐकू जाते, तसेच हे. ज्याला संकेतशब्द नाही अशा वाय-फायवरचे उघडे बोलणे जवळ बसलेला माणूस यंत्राने टिपू शकतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका तरुणाने ‘फायरशीप’ नावाची युक्ती सर्वांसमोर मांडली. उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर बसलेल्याचे फेसबुक खाते तिच्या साहाय्याने दोन-चार कळा दाबून उघडता येई. त्याने मुद्दाम बोभाटा केला, तेव्हा कुठे मोठमोठ्या कंपन्या जाग्या झाल्या. आता बँकांची आणि बहुतेक मोठी संकेतस्थळे आपले बोलणे गुंडाळून, कुलूप लावूनच पाठवतात. त्यामुळे शेजारी बसलेला मनुष्य तुमचे पैसे हवेतून काढून घेईल ही भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. घाबरवायचे म्हणून मी घाबरवणार नाही.

आजचा धोका निराळा आहे, आणि तो नावाचा आहे. वाय-फायला नाव कोणीही काहीही देऊ शकतो. दुकानावर ‘सरकारमान्य’ अशी पाटी रंगवून लावावी, तितके ते सोपे. पिशवीत लहानसे यंत्र घेऊन एखादा बाकावर बसला आणि त्याने स्टेशनच्या वाय-फायचेच नाव दिले, तर तुमचा फोन फसतो. फोन बिचारा नाव ओळखतो, माणूस ओळखत नाही. एकदा जोडलेले उघडे नाव पुन्हा दिसले की तो आपण होऊनच जाऊन मिळतो. मग एक पान उघडते आणि ई-मेलचा किंवा फेसबुकचा संकेतशब्द मागते. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात विमानतळांवर आणि चालू विमानात असा उद्योग केल्याच्या आरोपावरून एका इसमावर खटला भरला गेला.

खऱ्या स्टेशनच्या वाय-फायला तुमचा मोबाइल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी लागतो. ई-मेलचा संकेतशब्द, कार्डावरचा आकडा, यूपीआयचा पिन यांचे तिथे काय काम? ओटीपी आला की नुसते आकडे पाहू नका. तो कशासाठी आला आहे हे त्याच संदेशात लिहिलेले असते, ते वाचा. पानाने एखादे अ‍ॅप उतरवून घ्या म्हटले किंवा फोनने ‘हे पान सुरक्षित नाही’ असा इशारा दिला, तर तिथून परत फिरा. काम झाले की ते नाव फोनमधून विसरायला लावा. आणि भिशीचे, बचतगटाचे पैसे पाठवायचे असतील तर आपल्या सिमकार्डाचे इंटरनेट वापरा. पाच मिनिटांच्या डेट्याला असे किती पैसे पडतात? फसवणूक झालीच तर रडत बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवा. तिथे उशीर महाग पडतो.

आता “आपले काय जाते?” याचे उत्तर. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. तो कुठून गेला होता? आपल्याच ठाणे जिल्ह्यातून! नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या वाय-फायवरून. गृहस्थाचा त्या कटाशी काही संबंध निघाला नाही, पण पोलीस आले ते त्यांच्याच दारात. संगणक गेले, चौकशी झाली, नाव वर्तमानपत्रांत आले. पुढच्या दोन महिन्यांत असेच ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयातून आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. त्यानंतर २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीमच काढली. इंटरनेटची जोडणी ज्याच्या नावावर, पहिला जाब त्याला. आपली जोडणी मंडळाच्या नावावर आहे, म्हणजे सही अध्यक्षीणबाईंची आहे. त्यांनी तीस वर्षे मंडळासाठी खस्ता खाल्ल्या, त्या काही पोलीस चौकीत बसण्यासाठी नव्हेत.

तरीही ‘वाय-फाय बंदच करा’ या सूचनेला माझा विरोध आहे. एका खोलीत सहा माणसांत राहणाऱ्या मुली इथे येऊन अभ्यास करतात. त्यांचे दार आपण लावायचे नाही. म्हणून कार्यकारिणीने ठरवले आहे ते असे. यंत्राचा कारखान्यातून आलेला संकेतशब्द बदलायचा. हिशेबाच्या संगणकाला वेगळे नाव आणि वेगळे कुलूप. अभ्यासिकेचा संकेतशब्द दर तीन महिन्यांनी नवा. सध्याचा ‘एक ते आठ’ हा गल्लीतल्या पानवाल्यालाही पाठ आहे.

नवा संकेतशब्द सोमवारपासून लागू होईल. मुलींनी कपाटाजवळच्या वहीत नाव आणि वेळ लिहून तो चिटणीसबाईंकडून घ्यावा. हळदीकुंकवाच्या फलकाशेजारी भिंतीवर जो खडूने लिहिलेला आहे, तो सभा संपली की मी ओल्या फडक्याने पुसून टाकते.