तंबू आणि घर

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा नावांची गावे आहेत. भोवती रान, जवळपास गोंड-माडियांची वस्ती, आणि चहाच्या टपरीवर गप्पा चालतात त्या बंगालीत! नवख्या माणसाला प्रश्न पडतो, ही मंडळी इथे आली कशी?

१९४७ च्या फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून हिंदू कुटुंबे येत राहिली. १९६४ च्या दंगलींनंतर ओघ वाढला. पश्चिम बंगालात जागा पुरेना. तेव्हा काही कुटुंबांना जुन्या चांदा जिल्ह्यात जमिनी देऊन वसविण्यात आले. नद्यांच्या मुलखातला माणूस रानात आला आणि भात पिकवू लागला.

त्यांचा संसार इथे रुजतो न रुजतो तोच मागे राहिलेल्या मुलखात यादवी पेटली. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाक्यात आपल्याच नागरिकांवर तुटून पडले. वर्ष सरेतो सुमारे १ कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली.

जगाने काय केले? संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी मे महिन्यात मदतीचे आवाहन केले. धान्य, औषधे, तंबू आले. १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी निर्वासितांसाठी संगीताचा जलसा केला. पण ज्या हत्याकांडामुळे माणसे पळत होती, ते कुणी थांबविले नाही. अमेरिका पाकिस्तानच्या पाठीशी राहिली. आमसभेने ७ डिसेंबरला १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी मागितली, ती भारत-पाक युद्ध जुंपल्यावर! म्हणजे बघा, जखमेला पट्टी मिळाली, पण मारणारा हात कुणी धरला नाही.

आता दुसरी बाजू ऐका. त्या कोटीभर लोकांपैकी सुमारे ६८ लाख छावण्यांत होते. उरलेले ३१ लाख नातलगांच्या, ओळखीच्यांच्या घरी राहिले. नोव्हेंबरपासून आपल्याकडेही पाकिटावर ५ पैशांचे जादा तिकीट लागू लागले. चांद्याहून पत्र धाडणाऱ्यानेही तो वाटा उचलला. छावण्यांत पटकी पसरली, सलाईन संपत आले, तेव्हा बनगावात डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी रोग्यांना पाजविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आले. आज आपल्या आरोग्य केंद्रात जुलाबावर जी पुडी मिळते, तिची खरी परीक्षा त्या चिखलात झाली.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाक सेना शरण आली आणि १९७२ च्या आरंभी बहुतेक निर्वासित परतले. जगाच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

आपल्या मुलचेऱ्यातली मंडळी मात्र परतायला आलेलीच नव्हती. तंबू महिनाभरात उभा राहतो. घर व्हायला दोन-तीन पिढ्या लागतात. यांतली अनेक कुटुंबे नमशूद्र समाजाची. पश्चिम बंगालात हा समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणून इथल्या मुलाला तो दाखला मिळत नाही. सीमा ओलांडताना घर गेले, राज्य बदलताना दाखला गेला! आणि ज्या रानात मोह-तेंदू वेचून गोंड-माडिया जगत आले, त्यातलेच रान या वसाहतींसाठी मोकळे झाले, हेही विसरून चालणार नाही. दोघांचेही गाऱ्हाणे खरे आहे.

गुरुजनहो, तुमच्या वर्गात एका बाकावर मंडल बसतो, दुसऱ्यावर मडावी. इतिहासाच्या तासाला दोघांनाही सांगा, घरी आजीला विचारून या : आपण इथे कधी आलो, इथे आधी काय होते? दुसऱ्या दिवशी एकाने दुसऱ्याच्या आजीची हकिगत सांगावी. आमसभेचे ठराव आपल्या हाती नाहीत. हा एक तास तर आहे!